करविणे आणि करणे : दगडाजवळचे दोन दिवस

सोलापूर जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावी तीन पिढ्यांचे कापडाचे दुकान चालविणारे एक गृहस्थ तेथील जैन मंदिराच्या जीर्णोद्धार समितीत विश्वस्त आहेत. गेल्या हिवाळ्यात त्यांच्यासमोर तीन दरपत्रके आली. रंगमंडपाच्या आठ खांबांच्या कुंभ्या, खांबांमधील तोरणे आणि प्रवेशद्वाराची चौकट असे पांढऱ्या संगमरवराचे काम होते. तिन्ही ठेकेदारांना नकाशा एकच दिला होता, दगडही एकाच खाणीचा सांगितला होता. तरीही सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त दरांत जवळजवळ दुपटीचा फरक पडला होता.

हे गृहस्थ भाव करण्यात मुरलेले. तागा उलगडण्याआधी कापडाचा काठ चिमटीत धरून ते सुताचा अंदाज सांगतात. हातमागाचे कापड कोणते आणि यंत्रमागाचे कोणते, हे त्यांच्या बोटांना डोळे मिटूनही कळते. दगडाच्या बाबतीत मात्र ती बोटे मुकी होती. समितीचा कल स्वाभाविकच सर्वांत कमी दराकडे होता, कारण पैसा समाजाचा आणि तो जपून वापरणे हे विश्वस्ताचे पहिले कर्तव्य. दुप्पट दरात दुप्पट काय मिळते, हा प्रश्न सर्वांनी विचारला. उत्तर देऊ शकेल असे समितीत कोणीच नव्हते.

पुण्यात वास्तुकलेचे शिक्षण घेणाऱ्या त्यांच्या कन्येने त्यांना एवढेच विचारले, “पप्पा, हात लावून पाहिल्याशिवाय तुम्ही आजवर कोणता माल घेतलात?” पुण्याबाहेरील एका शिल्पशाळेत नवशिक्यांसाठी शनिवार-रविवारचा दगड कोरण्याचा वर्ग भरत असे. तिने दोन नावे नोंदविली, एक स्वतःचे आणि दुसरे वडिलांचे.

दगडाची पारख

शनिवारी सकाळी नऊ वाजता पत्र्याच्या उंच छपराखाली बारा शिकाऊ जमले. त्यांत एक दंतवैद्य होत्या, एक निवृत्त बँक कर्मचारी होते, दोन महाविद्यालयीन तरुण होते आणि काही गृहिणी. शिकविणाऱ्या शिल्पकार ताईंचे शिक्षण कलामहाविद्यालयात झालेले. त्यांच्या जोडीला एक वयस्कर कारीगर होते. राजस्थानातील सिरोही जिल्ह्यातल्या पिंडवाडा परिसरातून ते तिशीत महाराष्ट्रात आले आणि मंदिरांच्या कामांवर त्यांचे आयुष्य गेले. सारे त्यांना काका म्हणत. ते मराठी बोलत, पण अडले की हिंदीचा आधार घेत.

पहिला धडा हातोड्याचा नव्हता, कानाचा होता. काकांनी दोन सारखे दिसणारे तुकडे दोरीने टांगले आणि प्रत्येकावर हलका ठोका दिला. एकातून घंटेसारखा नाद आला, दुसऱ्यातून मडके फुटल्यासारखा बद्द आवाज. दुसऱ्या तुकड्यावर पाणी ओतून त्यांनी तो उन्हात ठेवला. पृष्ठभाग वाळला, पण केसाएवढी एक ओली रेघ मागे राहिली. तीच आतली चीर. नादावरून दगड निवडण्याची ही रीत जुन्या शिल्पग्रंथांतही सांगितलेली आहे. ज्याने आयुष्यभर ताग्याचा पोत पाहिला, त्याला ही परीक्षा चटकन समजली.

त्यानंतर ताईंनी कठीणपणाचा हिशेब मांडला. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोहस् मापात सर्वांत मऊ असलेल्या शंखजिऱ्याला १ आणि हिऱ्याला १० हा अंक आहे. माणसाचे नख साधारण अडीचच्या आसपास बसते. शंखजिऱ्याचे प्रमाण जास्त असलेला मऊ दगड नखानेही ओरखडतो. संगमरवर ज्या खनिजाचा बनतो त्याचा अंक ३, सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातील मुख्य खनिजांचा ६ च्या आसपास आणि वालुकाश्मातील गारेच्या कणांचा ७. वेरूळची ३० ते ३४ या क्रमांकांची जैन लेणी याच काळ्या पाषाणात खोदलेली आहेत. तेथील इंद्रसभेत एकही खांब बाहेरून आणून उभा केलेला नाही. नको असलेला डोंगर काढून टाकला आणि राहिला तो खांब. चुकून निघालेली कपची परत लावण्याची सोय तेथे कोणालाच नव्हती.

पहिला घाव

सकाळचे तीन तास मऊ दगडावर सराव झाला. हत्यारे मोजकीच होती : हातोडा, टोकदार छिन्नी, दातेरी छिन्नी, सपाट छिन्नी, कानस आणि शेवटी पॉलिश पेपर. टोकदार छिन्नी नको असलेला भाग उडविते, दातेरी छिन्नी उंचसखलपणा एका पातळीवर आणते आणि सपाट छिन्नी तिचे ओरखडे पुसते. दगड टेबलावर हलू नये म्हणून त्याच्याखाली वाळूची पिशवी ठेवलेली होती. निवृत्त बँक कर्मचाऱ्यांना छिन्नीचा आवाज ऐकून बालपण आठवले. जात्याला आणि पाट्या-वरवंट्याला टाकी लावून देणारे लोक दारावर येत, तोच हा आवाज होता.

नवशिक्याची नजर हातोड्याकडे जाते, कारण बोटावर घाव बसण्याची भीती असते. काका प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत फिरत होते : नजर छिन्नीच्या टोकावर ठेवा, हातोडा आपली जागा शोधून घेतो. छिन्नी तिरपी धरायची, जेणेकरून कपची पुढे निघून जाईल. ती सरळ उभी धरून ठोकली तर घाव दगडाच्या आत जातो. संगमरवरात अशा घावाखालचे स्फटिक चुरडतात आणि पॉलिश झाल्यावर तेथे पांढरा डाग उमटतो. वरून कितीही घासले तरी तो जात नाही, कारण इजा खोलवर झालेली असते. तसेच काठाजवळ काम करताना छिन्नी नेहमी आतल्या दिशेने चालवायची. बाहेरच्या दिशेने मारलेला घाव सगळा काठच घेऊन जातो.

दुपारी प्रत्येकाला संगमरवराचा एक तुकडा मिळाला. सहा इंच लांब, सहा इंच रुंद, तीन इंच जाड. वजन पावणेपाच किलोंच्या घरात. एक घनफूट संगमरवर सुमारे ७६ किलो भरतो, हे ऐकून सोलापूरच्या गृहस्थांनी मनातल्या मनात तोरणांचे वजन काढले. त्यांना जिनप्रतिमेची एखादी लहान आकृती कोरायची होती. ताईंनी नम्रपणे नकार दिला. प्रतिमेला प्रमाणांचे नियम आहेत आणि ते पाळण्याइतका हात बसायला वर्षे जातात. नवशिक्याने फुलापासून आरंभ करावा, असे त्यांचे म्हणणे. गृहस्थांनी आठ पाकळ्यांचे कमळ घेतले, कन्येने कलश.

कमळ कागदावर दहा मिनिटांत उमटले, दगडावर उतरायला पाऊण तास लागला. त्यानंतर फुलाभोवतीची जमीन अर्धा इंच खाली न्यायची होती. ऐकायला हे काम सोपे होते. पहिल्या तासात त्यांच्या हातून जी जमीन खोदली गेली, ती तळहाताएवढीही नव्हती. संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी पिता-कन्येने बरोबर आणलेला डबा उघडला, तेव्हा खाकऱ्याचा तुकडा मोडतानाही त्यांचे मनगट दुखत होते.

भुकटीचा हिशेब

जैन व्यापारी आणि दगडाचे कारागीर यांचे नाते फार जुने आहे. आबूच्या देलवाड्यातील विमलवसही हे आदिनाथांचे मंदिर इ. स. १०३१ मध्ये सोळंकी राजा भीमदेव पहिला याचा मंत्री विमलशाह याने उभारले. तेथील लूणवसही हे नेमिनाथांचे मंदिर १२३० मध्ये वस्तुपाल आणि तेजपाल या बंधूंनी बांधविले. पंधराव्या शतकात धरणाशाहाने राणकपूरचे चौमुख मंदिर दीपा नावाच्या शिल्पीकडून उभारून घेतले आणि त्यात १४४४ खांब असल्याचे परंपरेने सांगितले जाते. राणकपूरच्या शिल्पीचे नाव आजही दात्याच्या नावाबरोबर घेतले जाते, ही त्या मंदिराच्या आठवणीतील मोठीच गोष्ट म्हणावी लागेल.

देलवाड्याविषयीची एक लोककथा बहुतेक जैन घरांत मुलांना सांगितली जाते. कारागिरांनी कोरून काढलेली संगमरवराची भुकटी संध्याकाळी तोलली जाई आणि तिच्या वजनाइतकी चांदी त्यांना मजुरी म्हणून मिळे. काही घरांत कथा पुढे जाते आणि चांदीच्या जागी सोने येते. दात्याचे औदार्य सांगण्यासाठी ती सांगितली जाते आणि ऐकणाराही तेवढाच अर्थ घेतो.

सोलापूरच्या गृहस्थांनी शनिवारी काम संपताच आपल्या जागेवरच्या कपच्या आणि भुकटी गोळा केली. शिल्पशाळेत प्लास्टर तोलण्याचा इलेक्ट्रॉनिक काटा होता, त्यावर ती ठेवली. चार तासांत २६० ग्रॅम. रविवारी सहा तासांच्या कामानंतर त्यांनी पुन्हा तोलले. या खेपेस काटा ४० ग्रॅमवर थांबला. पहिल्या दिवशी तासाला ६५ ग्रॅम निघाले होते, दुसऱ्या दिवशी तासाला जेमतेम ७.

हिशेबी मनुष्याला यातून जे दिसले, ते कथेत कोणी सांगितले नव्हते. काम जसजसे नाजूक होते, तसतशी भुकटी कमी पडते. पाकळीचा काठ वळविताना दिवस जातो आणि चिमूटभर पांढरा चूर निघतो. भुकटीच्या वजनावर एकाच दराने मजुरी दिली, तर सर्वांत कुशल हात सर्वांत कमी कमावील. म्हणजे कामाची सूक्ष्मता वाढेल तसा दर वाढविणे दात्याला भागच होते. चांदीनंतर सोने येते ते कदाचित याच हिशेबाने. देलवाड्याच्या छतांत संगमरवर काही ठिकाणी इतका पातळ झाला आहे की प्रकाश त्यातून जाणवतो. तेथील शेवटचा हात छिन्नीने ठोकून नव्हे, तर घासून दिलेला असावा असे जाणकार मानतात. तेथे दिवसाकाठी किती ग्रॅम निघत असेल, याचा अंदाज आता त्यांना करता येत होता.

समितीपुढची दरपत्रके चौरस फुटावर होती. सपाट फरशीचा चौरस फूट आणि तोरणाचा चौरस फूट यांना एकच गज लावलेला होता.

मोडलेली पाकळी

रविवारी दुपारी तीनच्या सुमारास कमळाची सहावी पाकळी तुटली. घाई झाली होती. छिन्नी पाकळीच्या टोकाकडे, बाहेरच्या दिशेने चालली आणि पावटीएवढा तुकडा उडाला. गृहस्थ क्षणभर तसेच बसून राहिले. दुकानात फाटलेला माल बाजूला काढता येतो, परत पाठविता येतो. येथे तसे काही नव्हते.

काका शेजारी येऊन बसले. “शेठजी, आता बाकीच्या सात पाकळ्या तिच्याएवढ्या करा,” ते म्हणाले. “मोठं फूल लहान करता येतं. लहान फूल मोठं करता येत नाही.” त्यांनी सातही पाकळ्यांवर पेन्सिलीने नवी रेघ ओढून दिली. तुटलेल्या भागाची भर म्हणून संगमरवराची भुकटी आणि चिकट रसायन मिसळून भरता येईल का, असे गृहस्थांनी विचारले. भरता येते, काही ठिकाणी भरतातही, असे काकांनी सांगितले. नवे असताना ते ओळखू येत नाही. पुढे चिकट भाग पिवळा पडतो आणि जोड दिसू लागतो. स्वस्त दराच्या कामात हे कोठे कोठे लपते, हेही त्यांनी बोटाने दाखविले : पाकळीच्या मागे, पानाच्या वळणाखाली, जेथे मापे घेणाऱ्याची नजर जात नाही.

त्याच वेळी छपराच्या दुसऱ्या टोकाला एका तरुण कारागिराने विजेवर चालणारा ग्राइंडर सुरू केला. ताईंनी तो तत्काळ थांबविला, पाण्याची नळी जोडून दिली आणि मगच पुन्हा चालू करू दिला. सर्वांना मास्क लावायला सांगितले. गृहस्थांना हे थोडे अतिरेकी वाटले. काकांनी मास्क लावलेलाच होता, तो ते दोन्ही दिवस फक्त जेवताना काढत होते.

मग काका त्यांच्या धाकट्या भावाविषयी बोलले. तोही कोरीव काम करी, मुख्यतः वालुकाश्मावर. हातोडा-छिन्नीच्या जागी ग्राइंडर आला, काम झपाट्याने होऊ लागले आणि मजुरीही वाढली. तोंडाला फडके बांधून तो कोरड्या दगडावर दिवसभर यंत्र चालवी. चाळिशी गाठण्याआधी त्याला जिना चढवेनासा झाला. क्षय समजून उपचार झाले. तो क्षय नव्हता.

श्वासाची किंमत

त्या आजाराचे नाव सिलिकोसिस. वालुकाश्मात गारेचे, म्हणजे सिलिकाचे प्रमाण फार मोठे असते आणि ग्रॅनाइटमध्येही ते बरेच असते. हातातली छिन्नी मुख्यतः कपच्या उडविते, त्या जमिनीवर पडतात. वेगाने फिरणारे पाते दगडाचे डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांत रूपांतर करते. हे कण तासन्‌तास हवेत तरंगतात, साध्या फडक्यातून सहज आत जातात आणि फुप्फुसाच्या तळाशी बसून तेथे व्रण तयार करतात. व्रण पडलेला भाग पुन्हा पूर्ववत होत नाही. काम सोडल्यानंतरही आजार वाढू शकतो, त्याच्याबरोबर क्षयाचा धोकाही वाढतो आणि तो पूर्ण बरा करणारा उपचार वैद्यकाजवळ नाही. संगमरवरात सिलिकाचे प्रमाण कमी असते, म्हणून त्याचा धोका तुलनेने कमी. तथापि कोणत्याही दगडाची बारीक धूळ रोज श्वासात जाणे हितकर नाही.

राजस्थानात या आजाराने ग्रासलेल्यांत खाणकामगारांबरोबर कोरीव काम करणारेही आहेत. तेथील शासनाने २०१९ मध्ये यासंबंधी स्वतंत्र धोरण जाहीर केले. पिंडवाडा परिसरातून देशभरातील मंदिरांसाठी कोरलेला दगड जातो आणि त्याच परिसरात या आजाराचे रुग्ण आढळले आहेत. मंदिरांच्या शिखरांवरची पाने-फुले पाहताना ही बाजू सहसा डोळ्यांसमोर येत नाही.

उपाय अवघड नाहीत. दगड ओला ठेवून कापला तर धूळ उडण्याआधीच खाली बसते. पात्याजवळ धूळ ओढून घेणारे यंत्र बसविता येते. चेहऱ्यावर घट्ट बसणारा योग्य दर्जाचा मास्क, कामाच्या जागेची झाडू न वापरता पाण्याने सफाई आणि कारागिराच्या छातीची वर्षाकाठी तपासणी, एवढे केले तरी फार मोठा फरक पडतो. मात्र या प्रत्येक गोष्टीला पैसा आणि वेळ लागतो. सर्वांत कमी दराचे पत्र लिहिताना ठेकेदार सर्वांत आधी याच गोष्टी वगळतो, कारण तयार तोरणात त्या दिसत नाहीत.

एक क्रियापद

श्रवणबेळगोळ येथील सुमारे ५७ फूट उंचीच्या गोम्मटेश्वराच्या पायाशी मराठीतील आद्य शिलालेखांपैकी एक कोरलेला आहे. चावुंडराजाने ही मूर्ती आणि गंगराजाने भोवतीचा परिसर निर्माण केला, असे तो सांगतो. मराठी भाषेच्या अभ्यासकांना तो परिचित आहे. त्यातील क्रियापद मात्र सामान्य वाचकाने थांबून पाहावे असे आहे. ‘केले’ असे तेथे म्हटलेले नाही. तेथे ‘करवियले’ आहे, म्हणजे दुसऱ्याच्या हातून करून घेतले. एक हजार वर्षांपूर्वीच्या त्या ग्रॅनाइटच्या डोंगरावर ज्यांनी घाव घातले, त्यांची नावे त्या ओळीत नाहीत. परंतु क्रियापद प्रामाणिक आहे. करविणारा वेगळा आणि करणारा वेगळा, हे त्याने लपविलेले नाही.

व्यापारी समाजाचे मंदिरांशी असलेले नाते बव्हंशी याच क्रियापदाचे राहिले आहे. त्यात उणेपणा काहीच नाही. करविणारे नसते तर देलवाडा नसते. मात्र जैन विचाराने या क्रियापदाला एक वजन दिलेले आहे. कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि मान्यता दिलेले, हे तिन्ही प्रकार कर्माच्या हिशेबात धरले जातात. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात हा हिशेब येतो. संरंभ, समारंभ आणि आरंभ या तीन अवस्था, मन, वचन आणि काया हे तीन योग, कृत, कारित आणि अनुमत हे तीन प्रकार आणि चार कषाय यांचा गुणाकार १०८ होतो. जपमाळेच्या मण्यांच्या संख्येशी हा आकडा अनेक जण जोडतात.

मंदिर करविण्याचे पुण्य कारिताच्या वाटेने दात्यापर्यंत येते, ही समजूत प्रत्येक दानपत्रिकेच्या मागे असते. ती वाट एकाच दिशेने वाहत नाही. कोरड्या दगडावर फडके बांधून काम करणाऱ्याच्या छातीत साठलेली धूळही करविणाऱ्याच्या खात्यात याच वाटेने येते. रात्री दिवा लावताना त्यावर पतंग येऊ नये म्हणून जपणाऱ्या, पाणी गाळून पिणाऱ्या घरांना यतना शिकविण्याची गरज नाही. ती दगडाच्या कारखान्यापर्यंत नेण्याची गरज आहे.

वर्गाला जाणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईसह मोठ्या शहरांत असे आठवडाअखेरचे वर्ग अधूनमधून भरतात. कुटुंबातील कोणी जाऊ इच्छीत असेल, तर काही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. सुरुवात मऊ दगडाने होते का, शिकाऊंची संख्या मर्यादित आहे का, प्रत्येकाला डोळ्यांचा चष्मा आणि धुळीचा मास्क मिळतो का आणि यंत्रे पाण्याविना चालविली जातात का, हे चार प्रश्न पुरेसे आहेत. पायात बंद बूट असावेत. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी वैद्याचा सल्ला घ्यावा. अंगावरचे कपडे घरी आल्यावर वेगळे धुवावेत, म्हणजे धूळ घरातील लहान मुलांपर्यंत जाणार नाही.

अपेक्षाही माफक ठेवावी. दोन दिवसांत कोणी शिल्पकार होत नाही. एखादी वाटी, एखादे पान, फार तर अपुरे कमळ घेऊन मनुष्य घरी परततो. मुलांना मात्र याचा वेगळा लाभ होतो. दुरुस्तीचे बटण नसलेली गोष्ट त्यांच्या हातात क्वचितच येते.

समितीची बैठक

पुढच्या बैठकीत सोलापूरच्या गृहस्थांनी आपले कमळ टेबलावर ठेवले. त्यांनी व्याख्यान दिले नाही. प्रत्येक सदस्याच्या हातात ते दिले आणि अंगठा पाकळ्यांच्या खालून फिरविण्यास सांगितले. नंतर दोन ठेकेदारांनी पाठविलेले नमुन्याचे तुकडे तसेच फिरविले. यंत्राने कोरलेल्या नमुन्याची पाकळी खालून सपाट होती, तिच्याखाली अंगठा शिरतच नव्हता. हाताने पुरे केलेल्या नमुन्यात तो वळणाबरोबर आत गेला. दरांतील फरकाचा एक भाग सर्वांना तेथेच कळला.

यंत्र नको, असा ठराव झाला नाही. मोठा दगड यंत्राने कापावा आणि नक्षी हाताने पुरी करावी, असे ठरले. कुंभ्यांवरील भौमितिक पट्ट्या यंत्रावर सोडून दिल्या, त्यामुळे काही बचत झाली. दरपत्रकात मात्र नव्या अटी जोडल्या गेल्या. कापणी ओली होईल. ग्राइंडरवर धूळ ओढणारे यंत्र असेल. कारागिरांना योग्य मास्क मिळतील आणि त्यांची वर्षाकाठी तपासणी होईल, त्याची पावती समितीला दिली जाईल. मापे चौरस फुटावर न घेता प्रत्येक नगाचा दर वेगळा ठरेल. समितीचे दोन सदस्य पूर्वसूचना न देता कामाची जागा पाहतील.

सर्वांत कमी दराच्या ठेकेदाराने या अटी नाकारल्या. मधल्या दराच्या ठेकेदाराने त्या स्वीकारल्या, पण खर्च वाढवून आणि मुदत पाच महिन्यांनी पुढे नेऊन. प्रतिष्ठेचा मुहूर्त त्यामुळे हुकला. एका ज्येष्ठ दात्यांनी नाराजी व्यक्त केली, कारण त्यांना तो सोहळा आपल्या आईच्या हयातीत पाहायचा होता. त्यांची अडचण खोटी नव्हती आणि समितीकडे तिचे समाधानकारक उत्तरही नव्हते. दोन बैठका त्यावर खर्ची पडल्या. अखेर मूळ गाभाऱ्यातील पूजा अखंड चालू ठेवावी आणि रंगमंडपाचे काम घाई न करता व्हावे, असा निर्णय बहुमताने झाला.

शेवटचा विषय नामफलकाचा होता. दात्यांची नावे ठरलेली होती आणि त्यांवर ‘करविले’ हा शब्द येणार होता. त्याखाली आणखी एक ओळ असावी, अशी सूचना गृहस्थांनी मांडली. थोडी चर्चा होऊन ती मान्य झाली. फलकाच्या नकाशात आता दात्यांच्या नावांखाली ‘घडविले’ असा शब्द आहे आणि त्यापुढे जागा मोकळी सोडलेली आहे. काम पुरे झाल्यावर ज्यांनी ते केले, त्यांच्याकडूनच त्यांची नावे विचारून ती कोरली जातील.

सात पाकळ्या लहान केलेले ते कमळ सध्या सोलापूर जिल्ह्यातील त्या दुकानाच्या गल्ल्यावर, बिलांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून ठेवलेले असते. गिऱ्हाईक ते उचलून पाहते आणि किंमत विचारते. दुकानदार ती अजून सांगू शकलेले नाहीत.